आज विशेष काही नाही

डॉक्टरांच्या "कधीपासून?" या प्रश्नाला आमच्या घराण्यात आजवर कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही. आजीची पाठदुखी धाकटीच्या बारशापासून सुरू व्हायची आणि विहिरीला पाणी लागलं त्या सुमारास थांबायची. त्या परंपरेला जागून मी म्हणालो, "झाले की बरेच दिवस."

"बरेच कुठले? मार्चपासून," शेजारच्या खुर्चीवरून बायको.

"मार्च कसला! पाडव्यापासून."

"पाडवा मार्चमध्येच होता."

डॉक्टर वयानं आमच्या मुलाएवढा. त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, महिनाभर रोज लिहून काढा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, छातीत कधी जळजळलं. मग या."

जून महिना. पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसलेला, आणि दुकानात डायऱ्या मिळण्याचे दिवस केव्हाच सरलेले. पण आमच्या माळ्यावर विमा एजंटांनी, पतसंस्थांनी आणि औषध कंपन्यांनी वर्षानुवर्षं दिलेल्या कोऱ्या डायऱ्यांचा साठा आहे. चांगली वस्तू वापरून खराब करायची नाही, या धोरणानं तो वाढलेला. त्या धुळीत बसल्याबसल्या मला एक शोध लागला: २०१४ आणि २०२५ या दोन वर्षांचे तारीख-वार तंतोतंत जुळतात. एक जानेवारीला दोन्हीकडे बुधवार. अकरा वर्षं एक डायरी सांभाळल्याचं असं सोनं झालं की मी माळ्यावरूनच बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "आधी खाली उतरा, शिडी हलतेय." सण तेवढे जुळत नाहीत. छापलेले गणपती २९ ऑगस्टला बसत होते, खरे २७ ला. दोन दिवसांचा फरक घरच्या माणसानं सांभाळून घ्यायचा असतो.

डायरी अगदीच कोरी मात्र नव्हती. पहिली तीन पानं माझ्याच अक्षरात होती. १ जानेवारी २०१४: 'आजपासून रोज पहाटे पाचला उठून टेकडीवर जाणे. साखर बंद. इंग्रजी पेपर वाचणे.' २ जानेवारी: 'उठलो. थंडी आहे.' ३ जानेवारी: 'थंडी.' त्यानंतर थेट मे महिन्यात आंब्याच्या पेटीचा हिशोब.

रोज लिहिणं हे रोज व्यायाम करण्यापेक्षा अवघड आहे. व्यायाम टाळला तर कुणाला दिसत नाही, न लिहिलेलं पान मात्र पांढरंफटक तोंड करून बघत राहतं. रात्री साडेदहाला पेन सापडावं, ते उठावं, आणि तेव्हाच डोक्यातून दिवस साफ पुसला जावा. सकाळी काय खाल्लं? पोहे. की ते काल? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही खाता तेव्हा पेपर वाचत असता, तुम्हाला काय आठवणार?" शेवटी मी लिहिलं, 'आज विशेष काही नाही.' दुसऱ्या दिवशी 'सदर.' तिसऱ्या दिवशी सदरच्या खाली दोन टिंबं.

पंधरवड्यानंतर जरा हात बसला, आणि घोटाळा तिथेच झाला. खाण्याचं लिहितालिहिता मी इतर गोष्टीही लिहू लागलो. २० जूनला लिहिलं, 'आमटी पातळ. बोललो नाही.' २१ जूनला दुपारच्या ताटात आमटीच नव्हती. तेव्हा कळलं की माझ्या डायरीला वाचकवर्ग लाभला आहे.

लंडनच्या सॅम्युअल पीप्सनं १६६० ते १६६९ अशी जवळपास दहा वर्षं डायरी लिहिली ती लघुलिपीत. मन गुंतवलेल्या बायकांविषयीचे मजकूर तर त्यानं स्पॅनिश, फ्रेंच अशी खिचडी करून लिहिले. त्याची अडचण मला आत्ता उमगली. (हाच गृहस्थ १६६६ साली लंडन जळत असताना आपलं परमेसान चीज बागेत खड्डा करून पुरत होता. हेही त्यानं लिहून ठेवलं आहे. खाण्याच्या नोंदी करणाऱ्याबद्दल मला आपुलकी वाटते.) आपल्याकडे लघुलिपी कशाला, मोडी आहे. मी मोडीचं पुस्तक आणलं आणि आठ दिवस घोटून एक अख्खं पान मोडीत लिहिलं. गुपित पूर्ण सुरक्षित राहिलं. दुसऱ्या दिवशी ते मलाही वाचता आलं नाही.

मुलाचा बंगळूरहून फोन आला. तो म्हणाला, "बाबा, डायरी मनासाठी पण चांगली असते, यावर संशोधन झालंय." खरंच झालं आहे. अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्यावरच्या आघाताबद्दल लिहायला लावलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, असं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. लिहिल्यालिहिल्या मात्र त्यांना आणखी वाईट वाटायचं. मी बसलो. आयुष्यातला मोठा आघात कोणता, याचा दहा मिनिटं विचार केला आणि उरलेल्या पाच मिनिटांत सोसायटीतल्या पार्किंगबद्दल लिहिलं. लिहिल्यालिहिल्या वाईट वाटण्याचा भाग मला पहिल्याच दिवशी साधला. रात्री दोनपर्यंत झोप नाही.

पण प्लंबरचं बरं झालं. १२ जूनपासून बेसिनचा नळ गळत होता आणि तो रोज फोनवर 'उद्या येतो' म्हणत होता. एरवी मी 'किती दिवस झाले हो!' एवढंच म्हणालो असतो. आता म्हणालो, "१३ ला उद्या म्हणालात, १६ ला उद्या, १९ ला पाऊस, २३ ला मेहुण्याचं लग्न, २७ ला परत मेहुण्याचं लग्न." पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही लिहून ठेवता का?" त्या आवाजात जी भीती होती, ती मी आयुष्यात कुणाच्याही आवाजात निर्माण केलेली नाही.

वडील रोजनिशी लिहीत. माण तालुक्यात मास्तर होते. त्याच माळ्यावर त्यांची १९७२ ची वही निघाली, आणि माझा जन्म ऑगस्टमधला म्हणून मी अधीर होऊन ते पान काढलं. मजकूर असा: 'पाऊस नाही. शाळा तपासणी झाली, शेरा बरा. मुलगा झाला. पेढे अर्धा किलो.' मी तिसऱ्या क्रमांकावर, तपासणीच्या खाली. आधी राग आला. मग पुढची पानं चाळली तर सगळीकडे 'पाऊस नाही', 'पाऊस नाही', आणि मध्येच 'रेशनला मिलो आला', म्हणजे दुष्काळातली ती लाल ज्वारी. मग अर्धा किलो पेढ्यांवरच माझी नजर थांबली. त्या साली ते त्यांनी कुठून आणले असतील, ते लिहिलेलं नाही.

महिना भरला. डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री मी डायरी उघडली तर बायकोनं तिच्यावर आधीच लाल पेन चालवलेलं. जळजळ झाली त्या तारखा तिनं गोल केल्या होत्या: १२, १९, २६ जून, ३ जुलै, ६ जुलै. सगळे गुरुवार, आणि शेवटचा आषाढी एकादशीचा रविवार. म्हणजे माझे उपवासाचे दिवस. त्या दिवसांसमोर माझ्याच हस्ताक्षरात होतं: साबुदाण्याची खिचडी दोनदा, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू तीन, रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तीन महिने मी दोष देत होतो तो घरातल्या फोडणीला. समासात तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एकादशी, दुप्पट खाशी.' खाली: 'आमटी पातळ नव्हती.'

डॉक्टरनं डायरी हातात घेतली. दोन पानं चाळली, मग चष्मा लावला. बाहेर सहा पेशंट ताटकळत होते, आत तो पान उलटत होता. एकदा हसला. एकदा 'अरेरे' म्हणाला. मला वाटलं, अल्सर वगैरे निघालं. बायकोनं माझा हात धरला.

शेवटचं पान संपल्यावर त्यानं वर बघितलं.

"काका, तो प्लंबर शेवटी आला का?"

"उद्या येतो म्हणालाय," मी म्हणालो.