राष्ट्रपतींना भेट आलेला हत्ती

राष्ट्राध्यक्षांच्या चित्रविचित्र पाळीव प्राण्यांच्या गोष्टी मला मनापासून आवडतात. थिओडोर रूझवेल्ट यांच्या मुलांनी व्हाइट हाउसमध्ये काय काय पाळलं होतं! जोसाया नावाचा बॅजर, गिनीपिग, थोरल्या मुलीचा साप. धाकटा आर्ची आजारी पडला तेव्हा त्याला बरं वाटावं म्हणून त्याचं तट्टू चक्क लिफ्टमधून वर, त्याच्या खोलीत नेलं होतं. पुढचे एक अमेरिकी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना १९२६ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी म्हणून मिसिसिपीहून कुणीतरी जिवंत रॅकून पाठवलं. कूलिज दांपत्याने ते खाल्लं नाही, रिबेका नाव ठेवून पाळलं.

मुलांना या गोष्टी जरूर सांगाव्यात. फक्त एक प्रश्न त्यांच्यासमोर नेहमी ठेवावा असं मला वाटतं: पुढे त्या प्राण्याचं काय झालं? रिबेका शेवटी प्राणिसंग्रहालयात गेली. १९२७ साली टायरवाले उद्योगपती हार्वी फायरस्टोन यांनी लायबेरियाहून आणलेला बुटका पाणघोडा कूलिजना दिला, त्याचीही रवानगी तिथेच झाली. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार-पाच वर्षांची असते. हत्ती साठ वर्षं जगू शकतो.

हत्तीचं नाव काढलं, कारण ही पोस्ट खरं तर शंकरसाठी लिहितो आहे.

शंकर हा आफ्रिकन हत्ती. झिंबाब्वेने राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांना दिलेली भेट म्हणून तो भारतात आला, म्हणून त्यांचंच नाव त्याला मिळालं. शर्मा म्हणजे एकेकाळचे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यांची राष्ट्रपतिपदाची मुदत जुलै १९९७ मध्ये संपली आणि शंकर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात पोचला १९९८ साली. ज्यांना भेट दिली ते राष्ट्रपती भवन सोडून गेल्यावर भेट आली! तेव्हा शंकर दोन-अडीच वर्षांचा होता. आफ्रिकेच्या माळावर त्या वयाचं पिल्लू आईच्या पायाशी असतं. आजूबाजूला मावश्या, मोठ्या बहिणी, सगळं गोत असतं.

त्याच्याबरोबर एक मादी आली होती. ती २००१ मध्ये मेली. मग काही काळ त्याला आपल्याकडच्या हत्तींसोबत ठेवून पाहिलं, पण ते जमलं नाही. २०१२ पासून तो वेगळ्या आवारात जवळजवळ एकांतवासातच होता. हत्तीला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ एकटं ठेवू नये, असा आदेश २००९ सालीच निघालेला होता. राजधानीत, सरकारच्या स्वतःच्या प्राणिसंग्रहालयात, सरकारच्याच आदेशाविरुद्ध हा हत्ती वर्षानुवर्षं एकटा राहिला. शाळांच्या सहली येत राहिल्या. मुलं त्याच्याकडे बघून हात हलवत राहिली.

त्याच्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात कोण गेलं? एक किशोरवयीन मुलगी. त्याला आफ्रिकन हत्तींच्या सोबतीला, अभयारण्यात पाठवा, एवढीच मागणी होती. त्या याचिकेतून त्याची सुटका झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं, तेव्हा कुठे हालचाल झाली आणि त्याच्या पायातल्या साखळ्या निघाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये शंकर गेला. वय २९. मृत्यू विषाणूच्या संसर्गाने झाला असं तपासणी अहवाल सांगतो, हे मान्य. पण त्याआधीच्या एवढ्या वर्षांचा जाब त्या अहवालात मिळत नाही, आणि तो कुणीतरी द्यायला हवा.

त्याच वर्षी, जुलैमध्ये, आपल्याकडे नांदणी मठाची हत्तीण माधुरी न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमधल्या वनतारा केंद्रात गेली आणि कोल्हापूर-सांगलीकडची माणसं रस्त्यावर उतरली. लोकांचे अश्रू खरे होते. त्या वादात दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोललं गेलं, न्यायालयाचा निर्णय पटलेले आणि न पटलेले दोघेही माझ्या मित्रयादीत आहेत. मला त्यातली एक गोष्ट लागून राहिली. माधुरी आमची, असं म्हणणारी हजारो माणसं होती. शंकर साऱ्या देशाला मिळालेली भेट होती, तरी आमचा शंकर म्हणणारं फारसं कुणी नव्हतं. भेटीच्या हत्तीला गाव नसतं, मठ नसतो, पिढ्यान्पिढ्या ओळखणारी माणसं नसतात. त्याच्याजवळ असते फक्त नोंदवहीतली एक नोंद.

कुणी म्हणेल, नेहरूंनी जपानला पाठवलेल्या इंदिरा हत्तिणीचं काय? ती गोष्ट मी विसरलेलो नाही. युद्धकाळात, १९४३ मध्ये, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती आदेशावरून उपाशी ठेवून मारले गेले. युद्धानंतर तिथल्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहून हत्ती मागितला आणि १९४९ मध्ये नेहरूंनी तो पाठवला. उद्ध्वस्त शहरातल्या मुलांना त्या हत्तिणीने जे दिलं त्याचं मोल मला कळतं, ते वाचताना माझा आवंढा अडकतो. पण इंदिरा १९८३ पर्यंत जगली. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, शहर नव्याने उभं राहिलं आणि ती त्याच शहरातल्या आवारात होती. तिने कुणाला पत्र लिहिलं नव्हतं.

बाकीची उदाहरणं थोडक्यात सांगतो. फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांना २०१३ मध्ये मालीत उंटाचं पिल्लू मिळालं. ते तिंबक्तूमधल्या एका कुटुंबाकडे ठेवलं आणि त्या कुटुंबाने ते कापून खाल्लं. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांना उत्तर कोरियाच्या किम जोंग उननी २०१८ मध्ये दिलेले कुत्रे कायद्याने सरकारी मालमत्ता ठरले. मून पायउतार झाल्यावर ते कुणी सांभाळायचे, खर्च कुणी द्यायचा, यावर वाद झाला आणि २०२२ च्या अखेरीस ते कुत्रे ग्वांग्जूच्या प्राणिसंग्रहालयात गेले. चार वर्षं ज्या माणसाच्या मागे फिरले, त्याच्यापासून दूर.

याउलट उरुग्वेचे होसे मुहिका. त्यांची मानुएला तीन पायांची साधी कुत्री. कुणी समारंभात दिलेली नव्हे, शेतावर घरात वाढलेली. राष्ट्राध्यक्ष असतानाही ते त्याच शेतघरात राहिले, म्हणून तिचंही घर कधी बदललं नाही. ती २०१८ मध्ये गेली, ते मे २०२५ मध्ये. मला तिच्याशेजारीच पुरा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. नेत्याने प्राणी पाळावा तर असा.

आणि आपल्याच सरकारचं एक चांगलं उदाहरणही आहे. २०१५ मध्ये मंगोलियाच्या पंतप्रधानांनी मोदींना कंथक नावाचा घोडा दिला. परदेशातून जिवंत प्राणी भेट म्हणून न घेण्याचं आपलं धोरण २००५ पासूनचं, त्यामुळे घोडा तिथेच, आपल्या दूतावासाकडे राहिला. २०२२ मध्ये राजनाथ सिंहांना मिळालेला तेजसही मंगोलियातच ठेवला. पाहुण्याचा मान राहिला, यजमानाचाही राहिला आणि घोडा आपल्या हवापाण्यात राहिला. कुणाचं काही बिघडलं नाही.

हे धोरण कायद्यात यायला हवं, घेण्यासाठीही आणि देण्यासाठीही. आधी येऊन पोचलेल्या प्राण्यांची नावानिशी यादी जाहीर व्हावी: कोण, कुठे आहे, त्याच्या जातीचं दुसरं कुणी सोबत आहे का. शंकरसारखाच एक आफ्रिकन हत्ती म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आहे. त्याला त्याच्या जातीच्या हत्तींमध्ये पाठवता येईल का, याचं उत्तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने याच वर्षी द्यावं. मी त्यांना पत्र लिहितो आहे. तुम्हीही लिहा, आणि घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर त्यांनाही लिहायला सांगा.