दो कमरे, किराए से

वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला पूर्वी इंदुरात एक रविवार पुरायचा. शनिवारच्या आत पेपरच्या एजंटकडे छोट्या जाहिरातीचा फॉर्म भरायचा. तो पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजायचा, आणि शब्दागणिक पैसे म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या अंगात पाणिनी संचारायचा. ‘दो कमरे, किचन, लेटबाथ, नर्मदा-बोरिंग, शाकाहारी परिवार, रामबाग, किराए से देना है.’ (लेटबाथ म्हणजे संडास-बाथरूम, नर्मदा-बोरिंग म्हणजे नर्मदेच्या नळाचं आणि बोअरचं पाणी. ‘किराए पर’ म्हणणारा बाहेरगावचा, हे आमचं इंदुरी शास्त्र.) फोन नंबरातला एक आकडा चुकला, की भलत्याच घराचा रविवार नासायचा. एवढाच काय तो धोका.

मग १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क या गृहस्थाने ओळखीच्यांना ई-मेल धाडायला सुरुवात केली. त्याची क्रेग्जलिस्ट नावाची जाहिरातींची वेबसाइट झाली आणि तिकडच्या पेपरांचं हमखास उत्पन्न गळालं. आपल्याकडे ओएलएक्स, क्विकर आले. शब्द फुकट झाले, आणि तिथेच घात झाला.

आता फोटो हवेत. ते सकाळी दहाच्या उजेडात, खिडकीकडे पाठ करून काढावेत. बाथरूमचा काढताना आरशात आपण बनियनवर येतो, तेवढं सांभाळावं. भाडं हजाराने चढवून लिहावं, कारण ‘है क्या?’नंतरचा प्रश्न ‘लास्ट कितना?’ हाच असतो. नर्मदा एक दिवसाआड, जिना बाहेरून, स्कूटरला जागा, सगळं लिहा. वाचत कोणी नाही, फोन करून विचारतात. पहिले पाच फोन दलालांचे. तिसऱ्या दिवशी जाहिरात नव्यांच्या खाली बुडते; वर काढायला पैसे.

मग येतो ‘फौजी’. महूच्या लष्करी छावणीत बदली झालीय, खोली बघायची नाही, अॅडव्हान्स आत्ताच देतो. कँटीन कार्डाचा फोटोसुद्धा येतो आणि मागोमाग पैसे ‘घ्यायला’ क्यूआर कोड. इथे हात आवरावा. यूपीआयवर पैसे यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. पिन दाबला की जातात ते आपलेच. मुळात इंदुरात माणूस पोहेही वरची शेव बघून घेतो, खोली न बघता कोण घेईल?

छापील रकाना मात्र अजून आहे. नाव बदलायचं तर शपथपत्र, पेपरात जाहिरात, मग राजपत्र. घराचे मूळ कागद हरवले तर वकिलाची ‘जाहिर सूचना’. तिथे आजही शब्द मोजले जातात. फक्त हिंदी पेपरात आमच्या काळ्यांचे हटकून ‘काले’ होतात, आणि नाव बदलल्याची जाहिरात पुन्हा द्यावी लागते.