कासवाला ऊन हवं, नुसती सुकी कोळंबी नको

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात दहाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव मिळतं. रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. सोबत प्लास्टिकची इवलीशी पेटी आणि सुकवलेल्या कोळंबीचा डबा. ‘रोज चिमूटभर टाका, बाकी काही लागत नाही.’ हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो. त्या प्राण्याचे पुढचे सगळे हाल या सल्ल्यातूनच सुरू होतात.

सुकी कोळंबी कासव आवडीने खातं, पण ते पूर्ण जेवण नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे सुजून मिटतात. दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि घरचे म्हणतात, ‘झोपलंय.’ कॅल्शियम आणि ऊन कमी पडलं की पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. पाठीचं कवच हा हाडांचाच भाग आहे, त्यावरचं वाकडेपण नंतर सरळ होत नाही.

मुख्य खाणं कासवांसाठीच्या चांगल्या पेलेट्सचं (तयार खाद्याच्या गोळ्यांचं) ठेवा, एका वेळी त्याच्या डोक्याएवढंच. पिल्लांना रोज, मोठ्यांना एक दिवसाआड. वय वाढतं तसा पाला वाढवा: हायड्रिला, लेट्युस, शेवग्याचा पाला. पालक क्वचितच, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. पोळी, पाव, दूध, फरसाण अजिबात नको. बाजारातला खारवलेला जवळाही नको. समुद्रफेसाचा (माकुळाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडाचा, म्हणजे कटलबोनचा) तुकडा मात्र पाण्यात जरूर तरंगत ठेवा. तो कुरतडून कासव हवं तेवढं कॅल्शियम घेतं.

आता ऊन. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण काचेत अडतात. थेट कोवळं ऊन द्या, पण अर्धी जागा सावलीची ठेवा आणि जवळ थांबा. छोटी काचेची पेटी उन्हात विसरलात तर आतलं कासव उकडून मरतं. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर यूव्हीबीचा दिवा घ्या. पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होता येईल असा दगड किंवा फळी हवीच. पुण्या-नाशिकच्या थंडीत पाणी गार पडलं की त्याला अन्न पचत नाही, म्हणून हीटर लावून पाणी 25 अंशांच्या आसपास ठेवा.

हाताळल्यावर साबणाने हात धुवा. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पेटी धुऊ नका. कासवांपासून साल्मोनेला या जंतूंचा संसर्ग होतो. लहान मुलांना तो होऊ लागला म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये 4 इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे नेमकी तीच पिल्लं ‘मुलांसाठी छान’ म्हणून विकली जातात.

हा प्राणी ताटाएवढा होतो आणि नीट सांभाळला तर 30 वर्षंही जगतो. वास्तूसाठी हवं असेल तर पितळेचं आणा, हे मी नातेवाइकांनाही तोंडावर सांगते. आणि नकोसं झालं म्हणून तळ्यात, नदीत, देवळाच्या विहिरीत सोडणं पुण्याचं काम नाही. तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा ते बळकावतं. त्याला घेणारं जाणकार घर किंवा बचाव केंद्र शोधा.

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव किंवा कुठलंही देशी कासव असेल, तर ते पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. तोवर स्टार कासवाला पाण्याच्या टाकीत टाकू नका. ते जमिनीवरचं आहे, खोल पाण्यात बुडून मरतं.

कासवांवर उपचार करणारे पशुवैद्य सहज मिळत नाहीत. तुमच्या गावात कोणी असतील तर खाली लिहा. ज्यांच्या कासवाचे डोळे आज सुजलेत, त्यांना ते नाव आजच हवं आहे.