"गाडी ती गाडी" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

तुर्कीचा रायडर तोपराक राझगातलिओग्लू सुपरबाईक (शोरूमच्या गाडीवरून बनवलेल्या बाईकची वर्ल्ड चॅम्पियनशिप) सोडून २०२६ साठी मोटोजीपीत (फक्त रेससाठी बनणाऱ्या गाड्यांच्या सगळ्यात वरच्या क्लासमध्ये) गेला तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, वर ठळक अक्षरात "बाईक रेसिंगचं लपवलेलं सत्य". त्यात म्हणणं असं की सुपरबाईक ही दुय्यम रेस आहे म्हणून तिथले चॅम्पियन मोटोजीपीत आपटतात. गाडी ती गाडी, खरा रायडर कोणतीही गाडी पहिल्याच दिवशी जोरात हाणतो, ज्याला सवय व्हायला वेळ लागतो तो मुळातच कच्चा. मोटोजीपीत आता कॉम्प्युटरच गाडी चालवतो. स्पेनचा मार्क मार्केझ मोटोजीपीत पहिल्याच वर्षी चॅम्पियन झाला, मग बाकीच्यांना काय धाड भरली. आणि शेवटी, हे सगळं स्पेनवाल्यांचं राजकारण आहे.

असे मेसेज रोज येतात, मी सोडून देतो. पण हा मला माझ्या पुतण्यानं पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, खऱ्या रायडरले सवय-बिवय लागत नाही." या पोट्ट्यानं दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले तशी शंभर सीसीची जुनी गाडी देऊन जवळपास चारशे सीसीची घेतली आहे आणि तो दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर रोज जाणं-येणं करतो. म्हणून आता लिहितोच.

आधी तो "गाडी ती गाडी" वाला मुद्दाच घेतो कारण सगळ्यात खोटा तोच आहे.

व्हॅलेंटिनो रॉसी, नऊ वर्ल्ड टायटल. २०११ मध्ये यामाहा सोडून डुकाटीवर गेला. क्लास तोच, ट्रॅक तेच, विरोधकही बरेचसे तेच, फक्त गाडी बदलली. दोन वर्षांत एकही रेस जिंकला नाही. २०१३ ला परत यामाहावर आला आणि त्याच वर्षी असेनला जिंकला. आता हा माणूस दोन वर्षांसाठी कच्चा झाला होता आणि मग परत पक्का झाला असं म्हणायचं आहे का?

त्याहून मोठं उदाहरण होर्हे लोरेन्झोचं, आणि ज्याला कोणाला हा विषय समजून घ्यायचा आहे त्यानं हे एकच नीट पाहिलं तरी पुरे. २०१०, २०१२, २०१५ असा तीनदा मोटोजीपी चॅम्पियन, तिन्ही वेळा यामाहावर. यामाहा म्हणजे कॉर्नरमधून वेग न तोडता, लोण्यासारखं वळायचं. २०१७ ला तो डुकाटीवर आला. ही गाडी उशिरा आणि जोरात ब्रेक मारून चालवायची, त्यात सगळा भार हातांवर येतो, हात भरून यायचे आणि रेस संपता संपता हा मागे पडायचा. अख्खं २०१७ एकही विजय नाही. लोकांनी त्याला संपलेला ठरवलं. मग २०१८ ला इटलीतल्या मुजेलोच्या रेसआधी त्याला पेट्रोलच्या टाकीचा आकार बदलून मिळाला, ब्रेक मारताना अंग टेकायला आधार होईल असा, जे तो कधीपासून मागत होता. मुजेलो जिंकला, त्याच्या पुढची बार्सिलोनाची रेस जिंकला, मग ऑस्ट्रिया जिंकला. टाकीचा आकार, राजेहो! इंजिन नाही, टायर नाही, ब्रेक मारताना मांड्या आणि हात कुठे टेकतात एवढाच फरक. आणि २०१९ ला हाच लोरेन्झो होंडावर गेला तर वर्षभरात एकदाही पहिल्या दहात आला नाही, मध्ये पाठीला जबर मार लागला, वर्षाअखेर रिटायर झाला.

म्हणजे तीन वेळचा चॅम्पियन, त्याच क्लासमध्ये, फक्त कंपनी बदलली तर ही गत. मग जो क्लासच बदलतो त्याचं काय होत असेल?

तिथे तर बोटाखालचं, बुडाखालचं सगळंच बदलतं. मोटोजीपीत कार्बनच्या ब्रेक डिस्क असतात, सुपरबाईकमध्ये स्टीलच्या. कार्बन चांगली तापल्याशिवाय नीट धरतच नाही आणि एकदा तापली की असा चावा घेते की स्टीलवर वर्षानुवर्षं घडलेलं बोट फसतं. टायर बघा. सुपरबाईकला पिरेली, मोटोजीपीत २०१६ पासून मिशेलिन. मिशेलिनचा मागचा टायर एवढी पकड देतो की तो पुढच्या टायरला ढकलतो, आणि ज्याची सगळी कमाई पुढच्या टायरवर भार टाकून उशिरा ब्रेक मारण्यात आहे त्याचाच पुढचा टायर सगळ्यात आधी सुटतो. तोपराक तर मागचं चाक हवेत उचलून ब्रेक मारणारा माणूस, त्याची अख्खी ओळखच ती. वर हवेच्या जोरानं गाडी खाली दाबणारे पंख आले, कॉर्नरमधून निघताना गाडी खाली बसवायची यंत्रणा आली, दुसऱ्याच्या मागे लागलं की हवा फाटलेली मिळते आणि पुढचा टायर जास्त तापतो. सुपरबाईक शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीवरून बनते, मोटोजीपीची गाडी फक्त रेससाठीच बनते, तिचा सांगाडाच वेगळं बोलतो.

आणि रायडर हे विचार करून करत नाही, तेवढा वेळच नसतो. मुजेलोच्या सरळ पट्ट्यावर २०२३ मध्ये ब्रॅड बाइंडरची गाडी ताशी ३६६ किलोमीटरच्या वर गेली, त्या वेगाला बोट आपोआप चालतं, आणि ते जुन्या गाडीवर शिकलेलं बोट असतं. आपल्याकडे तळेगाव दशासरच्या शंकरपटात कोणालाही विचारा, नावाजलेल्या धुरकऱ्याला ऐन वेळी दुसऱ्याची जोडी दिली तर काय होतं. त्याला बैल हाकता येत नाहीत असं कोणी म्हणत नाही, जोडी अजून हाताखालची नाही एवढंच म्हणतात.

त्यात सरावही मिळत नाही. मोटोजीपीत टेस्टिंगवर मर्यादा आहेत, नवीन माणसाला हंगामाआधी मोजकेच दिवस मिळतात. म्हणजे शिकायचं कुठे, तर चालू रेसमध्ये, जगातल्या सगळ्यात फास्ट लोकांच्या घोळक्यात.

आता पुतण्याकडे येतो, कारण हा मुद्दा त्या मेसेजमध्ये शहाणपण म्हणून लिहिला आहे आणि गावोगावचे पोट्टे तो खरा मानतात. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे काय, तर पायाचा ब्रेक दाबला की मागच्या चाकासोबत पुढचंही थोडं लागतं. पुतण्याची जुनी शंभर सीसी तशीच होती. चार-पाच वर्षं त्याचा पाय हेच शिकला की पायानं दाबलं की गाडी थांबते. नवीन गाडीवर तोच पाय फक्त मागचं चाक धरतो. थांबायचं खरं काम पुढच्या डिस्कचं, आणि ती डिस्क आधीच्या ड्रम ब्रेकसारखी मुठीनं आवळायची नाही, दोन बोटांनी भार वाढवत न्यायची. म्हणजे पाय जुना, मूठ जुनी, गाडी दुप्पट वेगाची. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण ते गाडी कमी अंतरात थांबवेलच असं नाही, गिट्टीवर आणि चिखलावर तर नाहीच. आणि आपले रस्ते कसे आहेत हे मी विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळी माती चाकाला घेऊन डांबरावर पसरवत जातो, एक सर आली की त्यावरून चालताना माणूस घसरतो, आणि वेचणीच्या दिवसात कापसाच्या ट्रॉल्या मागे लाईट नसताना अंधारात उभ्या असतात. अशा रस्त्यावर "सवय लागत नाही" असं पोराच्या डोक्यात भरवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे, आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक माणसाचा त्यात हात आहे. मोटोजीपीतल्या माणसाला हवेनं फुगणारा एअरबॅग सूट असतो, पडला तर घसरत जायला मोकळी जागा असते. आपल्याकडे बाभळीचं खोड असतं.

मी त्याला सांगितलं, आधी महिनाभर सकाळी रिकाम्या रस्त्यावर जा, चाळीसवर ये, थांबव, परत साठवर ये, थांबव, बोटांना शिकू दे. ऐकतो का पाहू.

बाकीचे मुद्दे.

"सुपरबाईक दुय्यम आहे." यात थोडं तथ्य आहे, ते मी मानतो, नाइलाजानं. मोटोजीपीत खोली जास्त आहे, पहिला आणि पंधरावा यांच्यात एका लॅपला जेमतेम एखाद सेकंदाचा फरक असतो. आणि आल्वारो बाउतिस्ता मोटोजीपीत वर्षानुवर्षं राहून एकही रेस जिंकला नाही, तो २०१९ ला सुपरबाईकमध्ये आला आणि लागोपाठ पहिल्या अकरा रेस जिंकला, हेही खरं. पण मेसेज इथेच थांबतो. त्याच वर्षी चॅम्पियन कोण झालं? जोनाथन रे. बाउतिस्ता नंतर पडत गेला आणि टायटल रे घेऊन गेला. हाच रे २०१२ मध्ये जखमी केसी स्टोनरच्या जागी मोटोजीपीत फक्त दोन रेस धावला, परकी गाडी, परके टायर, आणि आठवा आणि सातवा आला. ट्रॉय बेलिसला मोटोजीपीत जागा राहिली नव्हती, २००६ ला सुपरबाईक चॅम्पियन झाल्यावर व्हॅलेन्सियाला एका रेसपुरता बदली म्हणून बोलावला आणि तो जिंकूनच गेला. बेन स्पीस २००९ चा सुपरबाईक चॅम्पियन, २०११ ला असेनची मोटोजीपी जिंकला. दुय्यम रेसमधले लोक हे करत नसतात.

आणि उलटं बघा. मोटोटू तर मोटोजीपीच्याच घरातला एक पायरी खालचा क्लास, त्याच वीकेंडला त्याच ट्रॅकवर धावतो. तिथला २०१४ चा चॅम्पियन टिटो रबात मोटोजीपीत कधी पोडियमवर चढला नाही. योहान झार्को दोनदा मोटोटू चॅम्पियन, २०१७ ला वर आला आणि पहिली रेस जिंकायला २०२३ चं फिलिप आयलंड उजाडलं. जॅक मिलर त्याहून खालच्या मोटोथ्रीतून मधला क्लास गाळून थेट वर आला, सुरुवातीला पडून पडून बेजार झाला. अडचण क्लास बदलण्याची आहे, सुपरबाईकची नाही.

"कॉम्प्युटर गाडी चालवतो." मोटोजीपीत एबीएसला परवानगीच नाही. २०१६ पासून सगळ्यांना एकच ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि एकच सॉफ्टवेअर आहे. जर कॉम्प्युटरच चालवत असता तर लोरेन्झोला टाकी कशाला बदलून लागली असती?

"मार्केझ पहिल्या वर्षी चॅम्पियन झाला." झाला, २०१३ ला. त्याच्या आधी पदार्पणाच्या हंगामात असं करणारा केनी रॉबर्ट्स, १९७८ ला. मध्ये पस्तीस वर्षं गेली आणि त्यात रॉसीसुद्धा बसला नाही. ज्या गोष्टीला पस्तीस वर्षं लागतात तिला नियम म्हणत नाहीत. शिवाय मार्केझला पहिल्याच दिवशी होंडाची फॅक्टरी गाडी, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीमची गाडी मिळाली, कारण नवख्यांना फॅक्टरी टीममध्ये न घेण्याचा नियम नेमका त्याच्या आधी काढला गेला. आणि त्या वर्षी मुजेलोच्या प्रॅक्टिसमध्ये ताशी ३३० च्या वर गाडी सुटून तो पडला होता, सवय नसण्याची किंमत त्यालाही चुकली नाही.

राजकारणाचं म्हणाल तर आहे, थोडं आहे. स्पेनमध्ये पोरं लहानपणापासून ट्रॅकवर असतात, स्पॉन्सर तिकडचे, जागा मोजक्या. रेमी गार्डनर ऑस्ट्रेलियाचा, २०२१ चा मोटोटू चॅम्पियन, वर एक वर्ष दिलं आणि बाहेर. शिकायला वेळच दिला नाही हा त्याच्यावरचा अन्याय मला मान्य आहे. पण ही तक्रार करणारा मेसेज त्याच दमात म्हणतो की खऱ्या रायडरला वेळ लागतच नाही. दोन्ही कसं खरं असेल?

तोपराकबद्दल निकाल देण्याची घाई करू नका. त्याला नवीन क्लाससोबत यामाहाची नवीकोरी व्ही-फोर (इंग्रजी V च्या आकारात चार सिलिंडर) इंजिनची गाडी मिळाली, जी त्याच्या टीमलाही नवीनच. आणि २०२७ पासून मोटोजीपीत इंजिन ८५० सीसीचं होणार, गाडी खाली बसवायची यंत्रणा बंद होणार, पंख लहान होणार आणि मिशेलिन जाऊन पिरेली येणार. टायर हुबेहूब सुपरबाईकचेच असतील असं नाही, पण त्या वर्षी मार्केझपासून सगळ्यांनाच बोटं नव्यानं घडवावी लागतील, आणि पिरेलीवर तीन वर्ल्ड टायटल काढलेला माणूस त्या रांगेत सगळ्यात मागे नसेल.