टिपी, ताडपत्री आणि पठारावरचा वारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण मोजमापांसह सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपल्या म्हणण्याचा गाभा असा : ९ × १८ फुटांची ताडपत्री आणि ६ फुटांचा बांबू घेऊन आपण डिसेंबरात सह्याद्रीतल्या एका उघड्या पठारावर टिपीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या शंकूसारख्या तंबूच्या, आकाराचा निवारा उभारला, मध्यरात्रीनंतर वारा फिरला, दोन मेखा मुरमातून उपटल्या आणि सगळी ताडपत्री अंगावर आली. शिवाय त्याआधीच ती आतून ओली झाली होती. त्यावरून, हा आकार अमेरिकेतल्या गवताळ मैदानांत ठीक असेल, आपल्याकडे मात्र दोन काठ्यांमध्ये दोरी ताणून केलेले दुपाखी पालच बरे, असा निष्कर्ष आपण काढला आहे. जे घडले त्याबद्दल मला शंका नाही. निष्कर्ष मात्र पटत नाही, आणि त्याचे कारण आपणच दिलेल्या आकड्यांत आहे.

१८ फुटांच्या कडेचा मध्यबिंदू हे शंकूचे टोक धरले, की ९ फूट त्रिज्येचे अर्धवर्तुळ कामी येते आणि समोरच्या कडेचे दोन्ही कोपरे आत दुमडले जातात. या अर्धवर्तुळाच्या दोन्ही बाजू पूर्ण मिटवल्या, तर तळाचा व्यास ९ फूट आणि उंची सुमारे ७.८ फूट भरते. आपली काठी ६ फुटांची होती. तेवढ्याच उंचीवर ताडपत्री ताठ बसवायची, तर मेखा बाहेर सरकवाव्या लागतात. तळाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ४२ फूट होतो आणि अर्धवर्तुळाची सुमारे २८ फुटांची गोल कड त्याला पुरत नाही. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश भाग उघडाच राहिला. वारा पाठीमागून येत होता तोवर त्या तोंडाने काही बिघडले नाही, पण तो समोरून आत शिरताच ताडपत्री शिडासारखी फुगली असणार, आणि मेखांवर त्यांना वर उचलणारा जोर आला असणार. हा अर्धवट मिटलेला शंकू होता. त्याच्या पडण्यावरून पूर्ण मिटलेल्या शंकूची परीक्षा होत नाही.

वारा फिरणे हा आपल्या पठारांवर अपवाद नाही. निरभ्र हिवाळ्यात दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते, आणि सूर्यास्तानंतर तोच उतार थंड झाला की ती खाली वाहू लागते. संध्याकाळी पाहिलेल्या दिशेवर विसंबून लावलेल्या दुपाखी पालाची रुंद बाजू रात्री वाऱ्यासमोर येऊ शकते. शंकूला अशी रुंद बाजूच नसते, आणि म्हणूनच उघड्यावर मी त्याची शिफारस करतो. लाकोटा, शायेन, क्रो, ब्लॅकफूट या अमेरिकेतल्या मूळ जमातींनी झाडे नसलेल्या मैदानांत हाच आकार वापरला. त्यांचा शंकू मात्र सरळ नसे. मागची बाजू अधिक उभी असे, आणि अनेक काठ्या मिळून भार वाहत. आपल्या निवाऱ्याला एकच काठी असल्यामुळे उरलेले सगळे काम कापडाचा ताण आणि मेखा करतात.

त्यामुळे मेखांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६ किलो वजनाइतका असतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट, म्हणजे सुमारे २४ किलो होतो. कातळावरच्या चार बोटे मुरमात ठोकलेली मेख असा झटका सोसेल, ही अपेक्षाच करू नये. तेथे दोरीचा फास एका लहान दगडाभोवती घालून तो दगड बाहेरच्या बाजूला ठेवावा आणि दोरीवर, लहान दगड आणि निवारा यांच्या मध्ये, मोठा जड धोंडा ठेवावा. दोरी ओढली गेली की लहान दगड धोंड्याला अडकतो. नुसत्या मेखेवर दगड ठेवण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे आहे. स्वस्त ताडपत्रीच्या कडेच्या रिंगा तर ताण आला की फाटून निघतात. त्याऐवजी कापडात आतून गुळगुळीत गोटा धरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळावी.

ओलाव्याची तक्रार रास्त आहे, पण ती आकाराची नाही. एकेरी प्लास्टिकखाली माणसे झोपली आणि बाहेर दव पडत असेल, तर श्वासातली वाफ आतून जमणारच. टोकाशी मूठभर फट आणि तळाशी वीतभर मोकळी जागा ठेवली तर ती बरीच कमी होते, पूर्णपणे जात नाही.

‘आत शेकोटी नसेल तर टिपीचा उपयोग काय’ असेही आपण विचारले आहे. मूळ टिपीला धूर बाहेर काढणारे झडपांसारखे पदर असतात आणि आतून दुसरे अस्तर असते. ताडपत्रीच्या निवाऱ्यात यातले काहीच नसते. प्लास्टिक वितळते, पेटते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यामुळे आत शेकोटी किंवा स्टोव्ह कधीही नको, याबाबत माझी कोणतीही तडजोड नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे.

दाट झाडीत दोन सोयीचे बुंधे मिळत असतील, तर आपले दुपाखी पाल मीही पसंत करीन. तेथे वारा कमी असतो आणि काठी वाहून न्यावी लागत नाही. पठारावर मात्र हीच ताडपत्री आठ फुटांच्या बांबूवर लावून पाहावी. काठी थोडी लांब झाली तरी चालते, कारण मग दाराशी दोन्ही पदर एकमेकांवर येतात. बांबू ६ फुटांचाच न्यायचा असेल, तर ७ × १४ फुटांची ताडपत्री त्याला जुळते आणि दोघांना पुरते.