रिकाम्या हॉलमध्ये सगळं चालतं

कॉलेजच्या सभागृहाची यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला कार्यक्रमाच्या दिवशी एकच नाव असतं: ‘अहो साउंडवाले’. प्रोजेक्टर, वाय-फाय, लाइट, एसी, सगळं त्यात आलं. हाक आली की मी धावत जातो, कारण उशीर झाला तर लोक स्वतःच पिना उपटायला लागतात.

आदल्या संध्याकाळी मात्र सगळं झकास चालतं. बिघाडाला प्रेक्षक लागतात. हे मी वैतागून म्हणत नाही, यात विज्ञान आहे. माणूस म्हणजे बहुतांश पाणी, आणि पाणी वाय-फायच्या लहरी गिळतं. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय फेकणारा डबा, भिंतीवर खांद्याच्या उंचीला ठोकला असेल, तर चारशे माणसं बसल्यावर मागच्या रांगेपर्यंत काही पोहोचत नाही. तो छतालाच हवा. पण छताला लावायचा म्हणजे शिडी आली, शिडी म्हणजे वेगळा अर्ज आला.

त्यातून पत्त्यांचा घोळ. नेटवर जायचं तर प्रत्येक फोनला, लॅपटॉपला राउटरकडून एक आयपी पत्ता, म्हणजे नंबर, लागतो. साध्या राउटरकडे वाटायला जास्तीत जास्त २५४ पत्ते, त्यातला एक तो स्वतःसाठी ठेवतो. ‘लीज’, म्हणजे पत्ता एकाच्या नावावर राहण्याची मुदत, बरेचदा २४ तासांची. सकाळच्या सत्रातली मुलं सर्टिफिकेट घेऊन विरारला पोहोचली तरी पत्ता त्यांच्याच नावावर, पागडीच्या खोलीसारखा. दुपारी आलेल्या पाहुण्यांचा लॅपटॉप मग १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन बसतो आणि नेट नाही म्हणून आपल्याकडे बघतो. उपाय दोन मिनिटांचा: लीज एक तासावर आणायची आणि किती पत्ते वाटायचे ते ठरवणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५४.० करायचा, म्हणजे ५१० पत्ते मिळतात. तेवढ्यात मुलांनी नेट नाही म्हणून हॉटस्पॉट सुरू केलेले असतात. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तिथे पन्नास हॉटस्पॉट. म्हणून स्टेजवरच्या लॅपटॉपला वायरच द्यावी, यात वाद नको.

आवाजाचं प्रकरण याहून रंगतदार. लावणीचा ट्रॅक लावला आणि बाई गायबच! वाजतंय सगळं दूरदूरचं, कडेचं, आणि स्टेजवरची मुलगी ओठ हलवतेय. सगळे स्पीकरकडे बोट दाखवतात. खरा चोर वायरमध्ये. हेडफोनच्या पिनेतून निघून शेवटी एक्सएलआर, म्हणजे माइकचं तीन पिनांचं टोक, लावलेल्या स्वस्त वायरीत डावा आवाज २ नंबरच्या पिनेवर आणि उजवा ३ नंबरवर जोडलेला असतो. मिक्सरची बॅलन्स्ड इनपुट या दोन्हींतला फरकच घेते. गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखा, म्हणजे वजाबाकी शून्य. दोन पी-३८ पिनांची (जाड मोनो जॅकची) वायर घेऊन दोन वेगळ्या चॅनलना लावा किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी) वापरा, बाई परत येतात.

लॅपटॉपचा चार्जर लावला की ५० हर्ट्‌झची घरघर सुरू होते, काढला की बंद. हा ग्राउंड लूप: लॅपटॉप स्टेजच्या सॉकेटवर, मिक्सर मागच्या, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक. डीआय बॉक्सवरचं, वायरीतली अर्थची जोडणी तोडणारं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबलं की बहुधा मिटतं. ‘अर्थिंगची जाडी पिन कापून टाकू का?’ असं विचारणारा एक जण असतोच. त्याला चहा आणायला पाठवावं.

भरलेल्या हॉलमध्ये एक गोष्ट सुधारते: आवाज घुमत नाही, माणसं तो शोषतात. पण मग गेन, म्हणजे माइकचा जोर, वाढवावा लागतो, आणि नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे कॉर्डलेस माइकची जाळी मुठीत धरतात. जाळीमागची भोकं बुजली की समोरचंच ऐकणारा माइक चहूबाजूंचं, स्पीकरचंही, ऐकतो. शिट्टी वाजते, पाहुणे दचकतात आणि मूठ आणखी घट्ट होते.

एचडीएमआयची साधी वायर १५ मीटरपलीकडे बेभरवशाची. लांब अंतरासाठी एचडीबेसटी चांगलं: तेच चित्र कॅट-६ म्हणजे नेटवर्कच्या वायरीतून १०० मीटरपर्यंत जातं. या वायरीचं टोक नेटवर्कच्या पिनेसारखंच दिसतं, त्यामुळे कोणी सज्जन ती नेटवर्क स्विचमध्ये खोचून ठेवतो आणि पडदा काळा. ती मधे कुठेही न थांबता थेट प्रोजेक्टरच्या रिसिव्हरलाच गेली पाहिजे. टाइप-सीचा ॲडॉप्टर लॅमिंग्टन रोडवरून आणला तर लगेच पोडियमला सुतळीने बांधावा. तरी चित्र येईलच असं नाही. काही लॅपटॉपचं टाइप-सी फक्त चार्जिंगपुरतं असतं, आणि ते नेमकं वक्त्याचंच निघतं.

शेवटी आभारप्रदर्शन. ‘आभार’ म्हणेपर्यंत कोणीतरी मेन स्विच पाडतं. दिव्याच्या प्रोजेक्टरला बंद केल्यावरही थोडा वेळ आतला पंखा फिरवावा लागतो, नाहीतर तापलेला दिवा लवकर जातो, आणि नवा दिवा मागवायचा तर तीन कोटेशनं. म्हणून स्विचवर कागद लावलाय: ‘प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत मेन बंद करू नये.’ सांस्कृतिक विभागाचे सर तो नीट वाचतात, छताकडे मान वर करून सगळे पंखे थांबेपर्यंत शांतपणे उभे राहतात, मग मेन बंद करतात.