खरवस खाताना जीवहत्येवर बोलू नका

आज दुपारी ऑफिसात जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली आहे, मालवणकडची. कालच घरून परत आली. डब्यात तांदळाची भाकरी आणि आईने बांधून दिलेली सुक्या जवळ्याची किसमूर. तिने झाकण उघडलं आणि समोरच्या ज्येष्ठ सरांनी नाकाला रुमाल लावला. "अगं, तू बाहेर बसून खा ना. आम्ही जीवहत्या करत नाही, आम्हाला हे बघवत नाही." पोरीने झाकण लावलं, डबा उचलला आणि जिन्यात जाऊन बसली. एक शब्द बोलली नाही. टेबलावर आम्ही सातआठ जण होतो, पण कुणी "थांब" म्हणायच्या आत ती गेलीसुद्धा.

आणि त्यानंतर त्याच सरांनी स्वतःचा डबा सगळ्यांपुढे फिरवला. त्यात खरवस होता. गावाकडून चीक आला होता, घरी वहिनींनी गूळ-वेलची घालून केलेला. "घ्या घ्या, अगदी सात्त्विक," म्हणाले.

मी घेतला नाही. तिथे काही बोललेही नाही, कारण बोलले असते तर फार बोलले असते. ते आता इथे बोलते.

आधी माझं सांगते, म्हणजे कुणी मला मटणवाल्यांची वकील म्हणायला नको. मी मांस-मासे खात नाही, अंडंही नाही. माहेरी माळ आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पायाने वाऱ्या केल्या, शेवटपर्यंत गळ्यातली तुळशीची माळ काढली नाही. सुक्या मासळीच्या वासाने मलाही कसंतरी होतं. सर एवढंच म्हणाले असते की मला वास सोसत नाही, मी पलीकडे बसतो, तर मीही उठून त्यांच्याबरोबर पलीकडे गेले असते. पण "आम्ही जीवहत्या करत नाही" हे वाक्य खरवसाच्या डब्यावर हात ठेवून म्हणता येत नाही.

चीक कुणाचा असतो? शहरातल्या किती जणांना हे माहीत आहे मला शंका आहे. जनावर व्यायलं की पहिले दोनतीन दिवस जे घट्ट पिवळसर दूध येतं तो चीक. गाई-म्हशीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायला जवळजवळ काही नसतं. ते सगळं त्याला चिकातून मिळतं, आणि तेही पहिल्या दिवसातच. नंतर कितीही पाजा, त्याचं आतडं ते तसं शोषून घेत नाही. चांगले गोठेवाले आधी पिल्लाला पोटभर पाजतात आणि उरलेला वाटतात, हे मला मान्य आहे. आमच्या गावात पारडी, म्हणजे मादी रेडकू, झाली की तिला पाजायचे. टोणगा, म्हणजे नर, झाला की शेजारीपाजारी चीक जरा जास्त जायचा.

आमच्या गोठ्यात चंद्री नावाची म्हैस होती. कोल्हापूरकडचं गाव, पाच एकर शेती, त्यातली निम्मी भाताची. चंद्री दुधाला चांगली, पण हट्टी. रेडकू जवळ आल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. मी तिसरी-चौथीत असताना तिला टोणगा झाला. त्याला धार काढायच्या आधी दोन मिनिटं आचळाला लावायचे. कास भरली की दावं धरून ओढून बाजूला बांधायचे. राहिलेलं काय ते नंतर. ते दिवसेंदिवस बारीक होत गेलं. बरगड्या दिसायला लागल्या, मग जुलाब लागले, आणि एका सकाळी गोठ्यात आडवं पडलेलं सापडलं. कुणी मारलं नव्हतं. माळकऱ्याच्या गोठ्यात कोण मारणार?

चंद्रीने दोन धारांना दूधच दिलं नाही. मग गावातल्या एका जाणत्या माणसाला बोलावलं. त्याने कातडं सोडवलं, मीठ लावलं, वाळवलं आणि आत भाताचं पिंजर भरून शिवलं. चार काठ्यांचे पाय. डोळ्यांच्या जागी टाके. धारेच्या वेळी ते चंद्रीच्या तोंडापुढे धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. "हलवू नगंस, वास घिऊ दे तिला," आई म्हणायची. चंद्री ते चाटायची. मिठासाठी चाटायची की पोरासाठी, कोण जाणे. पण चाटता चाटता घशातून एक बारीक आवाज काढायची, जो ती फक्त रेडकाला बघूनच काढायची. आणि चरवीत धार वाजायला लागायची.

ते दूध गावच्या दूध संस्थेत जायचं. तिथून पुण्या-मुंबईच्या पिशवीत. कुणाच्या तरी देवापुढे नैवेद्याच्या वाटीतही गेलं असेल.

आता दुसरी बाजू, कारण मला दुसऱ्या बाजूचाही तेवढाच राग आला आहे. ती मुलगी जिन्यात गेल्यावर आमच्यातला एक जण तिची बाजू घ्यायला सरसावला आणि म्हणाला, "सर, भाजीलाही जीव असतो. जगदीशचंद्र बोसांनी सिद्ध केलंय. मेथी खाल्ली काय आणि बोकड खाल्लं काय, एकच." टाळी घेतली त्याने या वाक्यावर.

अरे, एकच कसं? बोसांनी लाजाळूवर प्रयोग केले, झाडाची सूक्ष्म वाढ मोजायला क्रेस्कोग्राफ बनवला, वनस्पती उत्तेजनाला प्रतिसाद देतात हे जगाला दाखवलं. मोठं काम आहे ते. पण प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे. मेथीला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. मेथीची जुडी निवडताना मला कधी कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागलेली नाही. चंद्रीपुढे ते पिंजर भरलेलं कातडं धरून मी उभी राहिले आहे. मला नका सांगू म्हैस आणि मेथी एकच म्हणून.

वनस्पतीत जीव आहे हे आपल्याकडे बोसांच्या कितीतरी आधी सांगून झालंय. जैनांनी जीवांची प्रतवारीच लावली. झाड एकेंद्रिय, त्याला फक्त स्पर्श. पुढे दोन, तीन, चार इंद्रियांचे जीव, आणि गाय, म्हैस, माणूस पंचेंद्रिय. म्हणजे झाडाला जीव आहे हे मानूनसुद्धा बोकड आणि दुधी एका पारड्यात टाकले नाहीत कुणी. बटाटा, कांदा खात नाहीत ते उगाच नाही. मुळासकट उपटावं लागतं, मातीतले जीव जातात. तुम्हाला पटो न पटो, त्यामागे विचार आहे. "भाजीलाही जीव असतो" म्हणणाऱ्याने विचार करणंच सोडून दिलेलं असतं.

आणि खरंच झाडांची दया येत असेल तर आधी कोंबडी सोडा. ब्रॉयलर काय हवेवर वाढतो? मका आणि सोयापेंड खाऊन वाढतो. आपल्याकडच्या सोयाबीनचं तेल काढून झालं की पेंड जाते कोंबडीच्या खाद्यात. एक किलो मांसामागे त्याहून जास्त धान्य जातं. म्हणजे मांस खाणारा झाडंही जास्त खातो, जनावरातून फिरवून.

हां, माळरानावर चरणाऱ्या शेळीला हा हिशोब लागू नाही. माण-खटावकडे ज्या मुरमाड जमिनीत माणसाला खायला काही पिकत नाही तिथे ती कुसळं खाऊन वाढते, आणि धनगराने पिकाऊ रानात मेंढरं बसवली तर त्याच लेंडीखतावर ज्वारी येते. तिथल्या माणसाला कुणी शाकाहार शिकवायला जाऊ नये.

पण परत चंद्रीकडे येते, कारण माझा मुद्दा तिथेच आहे.

दूध निघायचं तर म्हैस व्यावी लागते. दहा महिने गाभण, मग पिल्लू, मग दूध. व्याली की निम्म्या वेळा टोणगाच होणार. एवढा साधा हिशोब आहे. जगात सगळ्यात जास्त दूध आपल्या देशात निघतं, त्यातलं जवळपास निम्मं म्हशीचं. मग तेवढे रेडे दिसतात का कुठे तुम्हाला? नांगराला ट्रॅक्टर आला, रेतनाला डॉक्टर आला. रेडा कशाला कोण ठेवेल? म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत आपला देश जगात आघाडीवर आहे, आणि ते काही वेगळ्या म्हशींचं मांस नाही. ज्यांचं दूध आपण पितो त्याच आटल्या की जातात. श्रीखंड आणि खाटिकखाना एकाच गोठ्यातून निघतात. मधला रस्ता आपल्याला दिसत नाही, कारण तो रात्री टेम्पोतून जातो.

गाईचं तर विचारूच नका. गाय कापायला राज्यात आधीपासून बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. भावना चांगली होती म्हणतात. आमच्या दादाकडे दोन संकरित गाई आहेत. खोंड, म्हणजे नर वासरू, झालं की दादाच्या तोंडचं पाणी पळतं. वशिंड नाही म्हणून जुवाला नीट नाही, उन्हात टिकत नाही, विकायला बाजार नाही. दिवसाला दूध लागतं, चारा लागतो. मग लोक काय करतात? रात्री कुठल्यातरी देवळापाशी नेऊन सोडतात. सुटलेलं खोंड पोटात प्लास्टिक घेऊन मरतं. आपल्या हाताने मारलं नाही म्हणून सगळे शांत झोपतात. हे मला सुरीपेक्षा जास्त क्रूर वाटतं. मला चुकीचं म्हणा, पण हे मी स्वतः बघितलंय.

आता रेतनासाठी लिंग वर्गीकृत, म्हणजे मादीच व्हावी म्हणून निवडलेल्या, वीर्यमात्रा आल्या आहेत, त्यांनी बहुतेक पाड्या आणि पारड्याच होतात. बरं आहे. वाढायला हवं ते.

अप्पांबद्दल मात्र कुणी काही वाईट लिहू नका. हे सगळं लिहिताना मला सारखं वाटतंय की कुणीतरी म्हणेल, मग तुझा बाप ढोंगी. तो नव्हता. ते टोणगं मेलं त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून होते. दर दहा दिवसांनी संस्थेतून दुधाचं बिल यायचं त्यावर घरातलं तेलमीठ, आणि माझी वह्यापुस्तकं, नंतर माझी हॉस्टेलची फी. टोणग्याला पोटभर दूध पाजलं असतं तर त्यातलं काय राहिलं असतं? त्यांनी हे कधी तोंडाने सांगितलं नाही. पण त्यांनी एकदाही कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं नाही. खंडोबाच्या जत्रेत भावकीत बोकड पडायचं, तेव्हा अप्पा पंगतीत वाढायला उभे राहायचे. भाकरी वाढायचे, रस्सा दुसऱ्याला वाढायला सांगायचे. माळ होती गळ्यात, आणि तरी कुणाला उठून जा म्हणाले नाहीत.

मी दूध पिते. हे सगळं माहीत असून पिते, चहाला मला लागतंच. पण माझ्या चहात चंद्रीचं पोर आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मी जिन्यात बसलेल्या पोरीपेक्षा स्वच्छ आहे असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. तिच्या डब्यातला जवळा कुणाच्या आईपासून ओढून बाजूला बांधलेला नव्हता.

आणि हे फक्त डब्यापुरतं असतं तर मी एवढी चिडले नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. न खाणाऱ्याला केळं. किती साधी गोष्ट! तरी आरडाओरडा झाला, त्यात आमच्यासारखे माळकरीही होते, याची मला लाज वाटते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधीच थांबवला, लोकवर्गणीतून करा म्हणे. ज्या पोराला घरी डाळसुद्धा रोज मिळत नाही त्याचं आठवड्याचं एक अंडं आपल्या सात्त्विकतेला खुपलं. आपली पोरं पनीर खातात, त्यांचं काही अडत नाही.

अंडंही निर्दोष नाही, माहीत आहे. अंड्याच्या कोंबड्यांच्या जातीतली नर पिल्लं उबवणीत पहिल्याच दिवशी मारतात. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला असतात ना, पोरं हट्ट करून घेतात आणि दोन दिवसांत मरतात, ती बहुधा तीच. आणि सरांच्या खरवसातला गूळ ज्या उसाचा, तसला ऊस तोडणाऱ्या बीडच्या बायकांच्या गर्भाशयांच्या ऑपरेशनच्या बातम्या २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या होत्या. ऊस तर वनस्पतीच आहे.

सर माणूस म्हणून वाईट नाहीत. माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा रात्री दोन वाजता रक्ताच्या बाटलीसाठी धावलेत ते. त्यांना कुणी हे कधी सांगितलंच नसेल. हे वाचतीलच, यादीत आहेत ते माझ्या. सर, तुम्ही मासे खा असं मी म्हणत नाहीये. तुम्ही खाऊ नका, मीही खाणार नाही. पण त्या पोरीला तुम्ही स्वतः जाऊन टेबलावर बोलवा. माझ्याकडून निरोप नको, तुम्ही बोलवा.

बाकीच्यांनी कमेंटमध्ये बोस आणू नका, दात मांसाहारी की शाकाहारी हेही नको, ते सगळं ऐकून झालंय. ज्यांच्या गावी अजून गोठा आहे त्यांनी आज रात्री घरी फोन लावा. गेल्या दोन वर्षांत आपल्याकडे टोणगे आणि खोंड किती झाले, आणि आज ते कुठे आहेत, एवढं विचारा. घरचे जे सांगतील ते जसंच्या तसं इथे लिहा. दादाला मी मघाशीच विचारलं. तो म्हणाला, "आता जेवायला बसलोय, उद्या बोलू."